वाघाच्या यादीतला समुद्रपंखा : वन भवनाला एक खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक, महाराष्ट्र राज्य,
वन भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : मालवण सागरी अभयारण्याचा तळ, तिथली लहान जाळी, आणि माझ्याकडची एक वस्तू जमा करून घेण्याबाबत.

महोदय,

आमच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये गेली नऊ वर्षं एक वस्तू आहे. एका बाजूला पेंचहून आणलेला लाकडी वाघ, दुसऱ्या बाजूला मुलीला शाळेत मिळालेली ढाल, आणि मधे ही. वीतभर उंच, काळपट तांबडी, पंख्यासारखी पसरलेली. पिंपळाचं पान वहीत ठेवून विसरलं की काही महिन्यांनी नुसत्या शिरांची जाळी उरते ना, तशी दिसते. फक्त हाताला कडक लागते. पाहुणे विचारतात, कोणत्या झाडाची फांदी? मी सांगायचो, समुद्रातल्या झाडाची. आई तर दिवाळीला शोकेस पुसते तेव्हा तिला हळदीकुंकूही वाहते.

गेल्या उन्हाळ्यात प्राणिशास्त्र शिकवणारा एक मित्र घरी आला. चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला आणि म्हणाला, "अबे, हे शेड्यूल वन आहे. वाघाचं कातडं भिंतीवर टांगल्यासारखंच झालं हे!"

मी हसलो. तो हसला नाही. मग त्यानं सांगितलं ते असं. हा समुद्रपंखा. झाड नव्हे, प्राणी. आणि एक प्राणी नव्हे, हजारो. त्या जाळीच्या प्रत्येक काडीवर टाचणीच्या डोक्याएवढे जीव दाटीनं बसलेले असतात, प्रत्येकाला आठ बारीक हात. प्रवाहातून वाहत येणारे कण ते झेलतात आणि त्यावर जगतात. म्हणून पंखा सहसा प्रवाहाला आडवा उभा राहतो, माशांच्या वाटेत जाळं लावावं तसा. सगळे समुद्रपंखे, सगळी खडकाळ प्रवाळं, काळी प्रवाळं ही २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. म्हणजे आपल्या पट्टेदार मामांच्या शेजारीच.

तर साहेब, हे पत्र म्हणजे आधी कबुलीजबाब आहे, मग विनंती.

ही वस्तू माझ्याकडे आली ती मालवणहून. माझी धाकटी बहीण तिकडे दिली आहे. नागपूर-मडगाव गाडीत बसायचं, वर्धा-अकोला-भुसावळ करत दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरायचं, तिथून एस.टी. आमचे जवाई दांडीच्या किनाऱ्यावरून छोट्या होडीनं मासेमारी करतात. तळ खरवडणारा ट्रॉलर नाही, माशांच्या थव्याला वेढा घालणारं पर्ससीन जाळं नाही. दोन माणसं, एक आउटबोर्ड इंजिन आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची, जाळी. तुमच्या-आमच्या कागदावर ज्याला 'पारंपरिक मच्छीमार' म्हणतात, तो हाच.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी सातच्या सुमाराला मी किनाऱ्यावर त्यांच्याजवळ बसलो होतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, उन्हात अजून धूसर. जाळं संध्याकाळी खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, बाजूला तळाशी लावलं होतं आणि पहाटे ओढलं होतं. वाळूवर ते पसरल्यावर पहिल्यांदा कळलं की जाळ्यात मासे कमी आणि समुद्र जास्त येतो. चार-पाच शेवंडं (लॉब्स्टर), दोन हेकरू, एक तांबोशी, थोडी किरकोळ मासळी. बाकी तुटलेले खेकड्यांचे पाय, काटेरी साळिंदरासारखे गोळे, भिजलेल्या पावासारखा पिवळा स्पंज, शिंपल्यांचे चुरे, आणि या जाळीदार फांद्या. एका फांदीला तंगुसाचे दहा फेरे बसले होते. जवाई अंगठ्यानं ती पिरगाळून, मोडून, तुकड्या-तुकड्यानं काढत होते. मासे काढायला अर्धा तास लागला असेल. हे बाकीचं काढायला सूर्य डोक्यावर आला.

मी एक धड फांदी उचलली तर म्हणाले, "दादानू, ह्यां कित्याक व्हया तुमका? कचरो तो. जाळा फाडता मेलो."

आणि मग, दुसरी फांदी काढता काढता, सहज बोलावं तसं : "पण हो गावलो काय समजाचा, खाली खडप आसा. खडप आसा थंय शेवंड आसा."

हे वाक्य मी नऊ वर्षं विसरलो होतो. मित्रानं ते शेड्यूल वन सांगितल्यावर रात्री अंथरुणात आठवलं. ज्या गोष्टीवरून शेवंडाचा पत्ता लागतो, तीच गोष्ट रोज सकाळी मोडून वाळूत फेकली जाते, आणि ज्याचं पोट त्या शेवंडावर आहे त्यालाच ती काढायला तीन तास घालवावे लागतात.

या पंख्यांच्या वाढीचा वेग मी नंतर वाचला. भूमध्य समुद्रात ज्या जातींची मोजमापं झाली आहेत, त्या वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर वाढतात. मालवणच्या जातींचा वेग थोडा वेगळा असेल, उबदार पाण्यात जास्तही असेल. पण अंदाज येतो. माझ्या शोकेसमधली फांदी वीस-बावीस सेंटिमीटरची आहे. म्हणजे ती जाळ्यात आली तेव्हा कदाचित दहा वर्षांची, कदाचित वीस. आणि पूर्ण मोडली पाहिजे असंही नाही. जाळं नुसतं घासलं, वरची साल निघाली, तरी त्या उघड्या जागी शेवाळ आणि इतर जीव बसतात, वजन वाढतं, आणि पुढच्या उधाणात कांड तुटतं. लाकडाला वाळवी लागावी तसा प्रकार.

आता अभयारण्याकडे येतो, कारण हे सगळं तुमच्या हद्दीतलं आहे.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी अधिसूचित झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा फक्त ३.१८ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक. आपल्या नागपूरच्या गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय या गाभ्याहून मोठं आहे. आणि या एवढ्याशा पाण्याची अखेरची कायदेशीर जबाबदारी ज्या खुर्चीकडे आहे, ती खुर्ची समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, झिरो माईलच्या या शहरात आहे. यात मी कुणाला दोष देत नाही. राज्याचं वन खातं नागपुरात आहे याचा आम्हा नागपूरकरांना अभिमानच आहे. पण वन भवनाच्या आवारात उभं राहिलं की सागवान आठवतो, खडप आठवत नाही, हेही खरं.

आणि आम्ही लोकही तसेच. वाघाची राजधानी म्हणून मिरवतो. २०२२ च्या अंदाजात राज्यात ४४४ वाघ निघाले, तो आकडा इथल्या पानठेल्यावरही पाठ आहे. मी स्वतः बुद्धपौर्णिमेला पेंचमध्ये मचाणावर रात्र काढली आहे. पाणवठ्यावर आलेल्या प्रत्येक सांबराची, रानगव्याची, अस्वलाची वेळेसकट नोंद केली आहे. त्या रात्री एक रानडुक्कर दोनदा आलं की दोन वेगळी आली, यावर मचाणावरच्या आम्ही दोघांनी कुजबुजत अर्धा तास वाद घातला. एवढी आमची मोजणीची हौस. मालवणच्या गाभ्यात किती समुद्रपंखे उभे आहेत आणि किती आडवे झाले, यावर कुणी असा वाद घालताना मी ऐकलेलं नाही.

आता जरा अवघड मुद्दा. तो लिहिताना माझा हात जड होतो, कारण तो माझ्याच बहिणीच्या घरावर येतो.

मालवणचे छोटे मच्छीमार अनेक वर्षं ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध भांडत आले आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ट्रॉलरचं जाळं मऊ तळावरून नांगर फिरवावा तसं फिरतं. एका फेरीत जेवढा तळ खरवडला जातो, त्या मानानं छोट्या होडीचं जाळं फारच कमी तळ खरवडतं. पण ट्रॉलर खडपाला भितो. खडपात जाळं अडकलं, फाटलं की मोठं नुकसान. म्हणून तो चिखलावर, वाळूवर फिरतो. पंखे, स्पंज, प्रवाळ हे सगळं मात्र खडपावर असतं. तिथे पोहोचणारं जाळं कुठलं? छोटं. तळाशी रात्रभर उभं राहणारं, खाली शिशाच्या गोळ्या, वर बोये, प्रवाहानं हलत, घासत, आणि ओढताना तिरकं होऊन जे उभं आहे त्याला गुंडाळत. एका होडीचं एका रात्रीचं नुकसान ओंजळभर. पण खडप तेच, होड्या त्याच, आणि पावसाळा सोडला तर रात्री रोजच्या.

'लहान मासेमारी म्हणजे निरुपद्रवी मासेमारी' हे आपण शहरातली माणसं फार प्रेमानं म्हणतो. मीही म्हणायचो. मोठ्या बोटींशी तुलना करताना ते खरं आहे. तळाशी बसून पाहिलं तर अर्धंच खरं आहे.

शिवाय तुटलेली जाळी. तंगूस कुजत नाही. खडपाला अडकून तुटलेला तुकडा तिथेच राहतो, मासे आणि खेकडे धरत राहतो, त्यांना खायला आलेलेही त्यात अडकतात. कोणाच्या मालकीचं नाही, कोणाच्या पोटाला नाही.

हे मी जवाईंना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मगे आमी जाळी खंय टाकूची? अंबाझरीत?"

अंबाझरी म्हणजे आमचा नागपूरचा तलाव. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मला वाटतं, ते एकट्या तुमच्याकडेही नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त आहे. अभयारण्याला मालवणात पहिल्यापासून जो विरोध झाला, त्यामागे हाच प्रश्न आहे. उद्या या पत्राचा आधार घेऊन कुणी गाभ्यातली सगळी छोटी मासेमारी एका फटक्यात बंद केली, तर बहीण मला राखी पाठवायची नाही. आणि ती चुकीचीही ठरणार नाही. प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करायचं तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याचे पुरेसे उपाय आधी करावेत, असं खुद्द कायद्याच्या कलम २६-अ मध्येच आहे. ती काही कुणाची मेहेरबानी नाही.

आणि पर्यटकांचं काय? इथे पुन्हा कबुलीजबाब. त्याच सहलीत मी स्नॉर्केलिंग केलं. कमरेला दोर, तोंडात नळी, सोबत एक पोरगा. पाणी उथळ होतं. मास्कमध्ये पाणी शिरलं, मी घाबरलो, आणि जे पायाखाली लागलं त्यावर उभा राहिलो. खरखरीत, टणक. पोरगा ओरडला नाही. त्यालाही सवय झाली असावी. दुसऱ्या एका होडीनं नांगर टाकला तो आमच्यापासून पंधरा फुटांवर. मासे जमावेत म्हणून कुणीतरी पाण्यात पावाचा चुरा सोडत होतं. मालवणला डायव्हिंगमुळे प्रवाळांची कशी मोडतोड होते, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवून ठेवलं आहे. जवाईंच्या जाळ्याचा हिशेब मागायचा तर माझ्या पायाचाही मागा. जवाई निदान शेवंडासाठी जातात. मी फोटोसाठी गेलो होतो.

मागण्या मी थोडक्यात लिहितो, कारण तपशील ठरवायचा अधिकार आणि अक्कल दोन्ही माझ्याहून तुमच्याकडे आणि मालवणकरांकडे जास्त आहे.

तळाची मोजणी सुरू करा. संशोधकांनी वेळोवेळी पाहण्या केल्या आहेत, पण मला हवी आहे ती वाघांसारखी : दर चार वर्षांनी, त्याच ठरलेल्या खडपांवर, त्याच पद्धतीनं, आकडा मराठीत जाहीर होणारी. आणि मोजायला माणसं बाहेरून आणू नका. मच्छीमारांच्या घरातलीच कितीतरी पोरं आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. त्यांना तळ आपल्या अंगणासारखा पाठ आहे. एरवी पर्यटकाचा व्हिडिओ काढणाऱ्या हातात मोजपट्टी द्या, दिवसाचे पैसे द्या.

मोजणीतून जी खडपं सगळ्यात जिवंत निघतील, तेवढ्याच ठिकाणी तळाचं जाळं थांबवा. अख्ख्या २९ चौरस किलोमीटरमध्ये नव्हे. गळ चालेल, वरच्या पाण्यातलं जाळं चालेल, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, जिथे वाळूवर ओढतात तिथे ओढू द्या. कुठलं खडप आणि किती महिने, हे किनाऱ्यावर बसून, तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांना, विचारून ठरवा. आणि पर्यटकांच्या होड्यांसाठी कायमचे बांधलेले बोये टाका, म्हणजे नांगर प्रवाळावर पडणार नाही. हे काम तर उद्या सुरू होऊ शकतं.

तिसरी गोष्ट पैशाची. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक चांगली योजना आहे : जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा (व्हेल शार्क) संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. या योजनेचे फोटो पेपरात येतात तेव्हा मला आनंद होतो. तीच बुद्धी तळाला का लावू नये? तुटलेलं जाळं कुठे अडकलं हे जो येऊन सांगेल, त्याला दंडाची भीती नको, उलट जाळ्याच्या किमतीतला काही भाग मिळू दे. आज तो सांगत नाही, कारण सांगून पदरात पडलीच तर चौकशी पडते.

आणि मोडलेले पंखे. स्पेनच्या ईशान्य टोकाला, कॅटलोनियात, काप दे क्रेउस नावाचं भूशिर आहे, तिथलं पाणीही संरक्षित. तिथले छोटे मच्छीमारही तळाची जाळी लावतात, त्यांच्याही जाळ्यात समुद्रपंखे येतात. शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं, मोडून फेकू नका, पाण्याच्या टाकीत ठेवून बंदरावर आणा. मग त्या फांद्या गोट्यांना चिकटवून होडीतून परत समुद्रात सोडल्या. जड गोटा आधी खाली जातो आणि पंखा वर राहतो, बॅडमिंटनचं फूल पडावं तसा, आणि तळाशी उभा बसतो. तिकडे पाणी फार खोल, पाणबुड्या माणसांना जाता येत नाही, म्हणून ही युक्ती. मालवणला तर ती पोरं हातानं लावून येतील. फक्त कायद्यात एक अडचण आहे : फांदी किनाऱ्यावर आणणारा मच्छीमार आज कागदोपत्री शेड्यूल वन बाळगणारा ठरतो. ती वाट तुमच्या परवानगीनंच मोकळी होऊ शकते.

बंदी म्हटलं की आम्हा नागपूरकरांना तोतलाडोह आठवतो. पेंचच्या त्या जलाशयात विस्थापितांना दिलेल्या ३०५ परवान्यांचं प्रकरण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. पुढे मासेमारी बंद झाली, गाव उठलं, आणि त्यानंतर रात्रीच्या चोरट्या होड्या आणि वनकर्मचाऱ्यांशी झटापटी यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. मार खाल्लेले वनमजूर आणि तुरुंगात गेलेले ढिवर मच्छीमार, दोघंही बहुतेक एकाच तालुक्यातले.

याच विदर्भात, भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मात्र उलटी गोष्ट घडली. तिथल्या ढिवर समाजाच्या माणसांनी, त्यातही बायकांनी, तलावातली बेशरम नावाची रानटी वनस्पती उपटून काढली आणि तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण मरळीसारख्या देशी माशांना अंडी घालायला आणि लपायला त्या लागतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. तळ सुधारला, मासे परत आले. तिथल्या गाळात उभ्या राहून रोपं खोचणाऱ्या बाया आणि 'खडप आसा थंय शेवंड आसा' म्हणणारे आमचे जवाई एकाच शाळेत शिकलेत, असं मला वाटतं. मालवणचे तांडेल आणि नवेगावकडचे ढिवर यांची एकदा गाठ घालून द्या. येण्याजाण्याचं स्लीपरचं भाडं मी वर्गणी काढून जमवतो.

आता माझ्या वस्तूबद्दल. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी ती पुठ्ठ्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून वन भवनाच्या आवक शाखेत घेऊन येतो आहे. उंची २२ सेंटिमीटर, रुंदी १७, खालचं बूड तुटलेलं, एका काडीला अजून तंगुसाचा निळसर धागा गुंडाळलेला. आईनं वाहिलेलं कुंकू थोडं लागलेलं आहे, ते पुसलेलं नाही. कायद्यानं जी काही कारवाई व्हायची ती होऊ द्या, माझी तक्रार नाही. फक्त मला पोच द्यावी, आणि त्या पोचेवर 'झाडाची वाळलेली फांदी' असं न लिहिता 'समुद्रपंखा, १ नग, मालवण सागरी अभयारण्य' असं लिहावं.

आपला,
एक नागपूरकर